अंगावर पाजणाऱ्या आईचें पथ्य आणि वल्हांडणाचा सण



सण आणि पथ्य यांचें सहसा जमत नाहीं. संक्रांतीला तीळ, पाडव्याला श्रीखंड, दिवाळीला तूप. डॉक्टरांनीं जें नेमकें बंद केलेलें असतें तेंच त्या दिवशीं पानांत येतें, आणि पथ्य करणाऱ्या माणसाला भरल्या पंक्तींत बसूनहि उपऱ्यासारखें वाटतें. परंतु ज्या सणाविषयीं आज बोलावयाचें आहे तो सणच मुळांत पथ्याचा आहे. आठ दिवस घरांत आंबलेल्या पिठाचा कणहि राहूं द्यावयाचा नाहीं, हा त्याचा मुख्य नियम. यहुदी लोकांचा हा पेसाह; मराठी बायबलामुळें आपण त्याला वल्हांडण म्हणून ओळखतों. अशा सणांत एखाद्या अंगावर पाजणाऱ्या आईला दूध, अंडें, गहूं आणि शेंगदाणे-बदाम हें सर्वच वर्ज्य असेल, तर तिनें काय रांधावें व काय खावें, हा आजचा प्रश्न आहे. प्रश्न लहानसा वाटेल. पण त्यांत आईचें बळ आणि मुलाचें दूध हीं दोन्हीं अडकलेलीं आहेत.

हा प्रश्न दूरदेशचा नव्हे. कोंकणांतील बेने इस्रायल लोक शतकानुशतकें मराठी बोलत आले आहेत. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याला गलबत फुटून आपले पूर्वज येथें उतरले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ते तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, केहीमकर हीं त्यांचीं आडनांवें गांवांवरून पडलेलीं. पुढें ही मंडळी मुंबई, ठाणें, पुणें येथें आलीं. आज त्यांतील बहुतेक इस्रायलांत आहेत, तरी पुण्याच्या रास्ता पेठेंतील प्रार्थनामंदिर त्यांचेंच. त्यांच्या जुन्या बोलींत सणांचीं नांवेंहि मराठी होतीं: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. वल्हांडणाला ते अनाशी ढाकण्याचा सण म्हणत. अनस म्हणजे आंबट कालवणाचें भांडें, आणि तें झांकून ठेवण्याचे हे दिवस, असा त्याचा अर्थ सांगतात. १८७४ सालीं पुण्यास छापलेल्या हिब्रू-मराठी हग्गादेंत, म्हणजे सणाच्या रात्रीं वाचावयाच्या पोथींत, बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रियांचें एक चित्र आहे. त्या स्त्रिया लुगडीं नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. तें चित्र पाहिलें म्हणजे ही पाककृति आपल्याच माजघरांतली आहे हें वेगळें सांगावें लागत नाहीं.

आतां आईच्या पथ्याकडे वळूं. कांहीं तान्ह्या मुलांना, वरचें दूध थेंबभरहि दिलेलें नसतांना, आंव व रक्ताच्या रेषा असलेली शी होऊं लागते. कांहींच्या अंगावर खाजरें पुरळ उठतें. कांहीं पाजल्यावर वारंवार ओकतात. आईनें घेतलेल्या गाईम्हशीच्या दुधांतील प्रथिनाचा अत्यल्प अंश तिच्या दुधांत उतरत असतो. बहुतेक मुलांना त्याचें कांहींच होत नाहीं. थोड्यांना तो सोसत नाहीं. दुधाखालोखाल सोयाबीन, अंडें, गहूं यांच्यावर संशय जातो. याचा अर्थ आईचें दूध वाईट आहे असा मुळींच नव्हे, आणि पाजणें बंद करावें असाहि नव्हे. बदलावयाचें तें आईचें ताट. गाईचें सोसत नाहीं तर म्हशीचें किंवा शेळीचें चालेल, हा समज मात्र सोडून द्यावा; या दुधांतील प्रथिनें इतकीं सारखीं आहेत कीं मुलाच्या शरीराला त्यांतला फरक बहुधा कळत नाहीं. कढवलेल्या तुपांतहि प्रथिनाचा अंश राहतो, म्हणून कडक पथ्यांत तूपहि जातें. आपल्याकडे बाळंतिणीला तूप नाहीं म्हणजे काय, हें घरांतील वडील बायकांना समजावून सांगणें हें या पथ्यांतील सर्वांत अवघड काम आहे.

तितकेंच महत्त्वाचें दुसरें सांगणें असें, कीं रडणाऱ्या प्रत्येक मुलाला हा विकार नसतो. तान्हीं मुलें रडतात, तीं थोडें दूध गाळतात, त्यांच्या पोटांत वायु धरतो; एवढ्यावरून आईनें एकेक पदार्थ सोडीत जाऊं नये. शेजारणीनें सांगितलें म्हणून डाळ सोडली, मावशींनीं सांगितलें म्हणून वांगें सोडलें, आणि अखेर वरणाचें पाणी व भात यांवर दोन महिने काढले, अशा माता पुष्कळ दिसतात. योग्य रीत अशी आहे: बालरोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानें प्रथम दूध व दुधाचे पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करावे, मुलाला उतार पडला तर ते पुन्हां घेऊन पाहावे, लक्षणें परत आलीं तरच निदान खरें धरावें. अनेक पदार्थ एकदम वर्ज्य करण्याची वेळ थोड्यांवर येते, आणि तीहि डॉक्टरांच्या देखरेखीखालींच यावी. रक्त बरेंच जात असेल, मूल वजन धरीत नसेल, मलूल पडत असेल, तर ताटाचा विचार बाजूला ठेवून त्याला तत्काळ दाखवावें. आजचें बोलणें ज्या आईचें निदान पक्कें झालें आहे, तिच्यापुरतें आहे.

अशा आईनें वल्हांडणाचे नियम आणि आपलें पथ्य शेजारीं शेजारीं मांडून पाहावें. धर्मनियमानें वर्ज्य काय? गहूं, जव, राय, ओट आणि स्पेल्ट नांवाचा गव्हाचा एक जुना प्रकार, या पांच धान्यांचें पाणी लागून आंबलेलें पीठ. पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आंत भाजून निघाली तीच रोटी बेखमीर. तिला मात्सा म्हणतात. म्हणजे पाव, बिस्किट, शेवया, रवा हें सर्व सणापुरतें घराबाहेर गेलें. शिवाय मांस आणि दूध एकत्र करावयाचें नाहीं हा नियम बारा महिन्यांचा. त्यामुळें बेने इस्रायल घरांतील मटणाच्या रश्श्याला दाटपणा दह्यानें किंवा सायीनें येत नाहीं, तो नारळाच्या दुधानें येतो. ज्या आईला दुधाचा थेंब चालत नाहीं, तिला हें स्वयंपाकघर आयतेंच लाभलेलें आहे. उलट अंडें, बदाम, अक्रोड हे धर्माला चालतात, नव्हे सणांत मुबलक वापरले जातात. पण या आईला ते चालत नाहींत. म्हणून 'सणाचा पदार्थ आहे, म्हणजे निर्धोक आहे' असें धरून चालूं नये. बाजारांत मिळणाऱ्या मात्सेचा एक प्रकार अंड्याचा असतो. पुडा हातांत घेतल्यावर त्यावर पीठ आणि पाणी एवढेंच लिहिलेलें आहे ना, हें वाचून पाहावें.

आतां मुख्य आधाराकडे, म्हणजे तांदळाकडे येऊं. पूर्व युरोपांतील यहुदी वल्हांडणांत तांदूळ खात नाहींत. बेने इस्रायल खातात. हा वाद पुरातन आहे. तालमूदांत त्यावर चर्चा आहे, आणि तेथील निर्णय असा कीं तांदूळ भिजवून ठेवला तर तो आंबत नाहीं, नासतो. इडली-आंबोळी खाणाऱ्या माणसाला हें ऐकून हंसूं येईल. पण शास्त्रकारांना अभिप्रेत होतें तें गव्हाच्या कणकेसारखें फुगणें, आणि तें तांदळाच्या पिठांत खरोखरच होत नाहीं, कारण गव्हांतील चिवट प्रथिन तांदळांत नाहीं. तेंच प्रथिन गव्हाचें पथ्य करणाऱ्याला नको असतें. योगायोग मोठा सोयीचा आहे. तथापि सणाच्या आठ दिवसांत आंबोळीपेक्षां घावन बरा. भांडें झांकण्याच्या सणांत पीठ आंबत घालणें कोणालाहि रुचणार नाहीं.

तांदूळ कोणता घ्यावा? पुण्याहून पौड ओलांडून ताम्हिणीच्या वाटेला लागलें कीं मुळशीच्या धरणाजवळ माले हें गांव येतें. हा सर्व मुलूख आंबेमोहोराचा. मुळशीच्या आंबेमोहोराला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. दाणा आखूड, वास आंब्याच्या मोहोरासारखा, आणि भात मऊ व किंचित् चिकट. मोदकाच्या पिठीला पुण्याकडील गृहिणी हाच तांदूळ पसंत करतात, आणि ज्या गुणामुळें मोदकाची पारी फाटत नाहीं, त्याच गुणामुळें भाकरीहि थापतांना तुटत नाहीं. सणाच्या आठवड्यांत शहरांतील एखादें कुटुंब माले येथें येऊन राहिलें, तर त्याला तांदूळ शेतकऱ्याच्या दारांतच मिळेल. पण इतर सामान मात्र पुण्याहून बांधून न्यावें लागेल, आणि त्यांत पहिलें मांस; कारण धर्मविधीनें कापलेलें मांस खेड्यांत मिळणार नाहीं. तें गोठवून बर्फाच्या पेटींत नेणें हाच मार्ग.

पीठ गिरणींतून दळून आणूं नये. गिरणींत आधीं गहूं दळलेला असतो, आणि त्याचें पीठ जात्याच्या फटींत राहून आपल्या तांदळांत मिसळतें. सणालाहि तें नको आणि पथ्यालाहि नको. तांदूळ ताटांत पसरून तीन वेळां निवडावा, अशी यहुदी घरांत जुनी चाल आहे; चुकून आलेला गव्हाचा दाणा दिसावा हा तिचा हेतु. निवडलेला तांदूळ धुवून सावलींत फडक्यावर वाळवावा व घरच्या यंत्रावर, तें आधीं स्वच्छ धुवून, दळावा. मग जितकें पीठ तितकेंच पाणी मीठ घालून उकळावें, त्यांत पीठ वैरून ढवळावें, झांकण ठेवून दणदणीत वाफ आणावी, आणि उकड गरम असतांनाच ओल्या हातानें भरपूर मळावी. भाकरी पातळ थापावी. मळण्यांत आळस केला तर कडा फुटतात. याला दुसरा उपाय नाहीं.

हिंगाविषयीं एक शब्द. आपण वापरतों तो बांधणी हिंग. त्यांत खरा हिंग थोडा आणि बाकी डिंक व पीठ, आणि तें पीठ बहुधा गव्हाचें असतें. चिमूटभर हिंगानें काय होतें असें कोणी म्हणेल. पण पथ्य म्हणजे पथ्य, आणि सणाचा नियमहि कणाचाच आहे. लसूण व जिरें यांवर फोडणी चांगली होते. तयार मसाले, शिरका, सोयाबीनचा रस, बेकिंग पावडर हे सर्व संशयित मानावे. औषधांच्या गोळ्यांतहि दुधांतील साखर किंवा पिष्ट मिसळलेलें असूं शकतें. औषधविक्रेत्याला विचारावें, पण विचारल्यावांचून औषध मात्र सोडूं नये.

सणापूर्वी बेने इस्रायल घरांत जी झाडलोट होते, ती आपल्या दिवाळीच्या सफाईहून कडक असते. भिंतींना चुना, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई, ही जुनी रीत. ज्या भांड्यानें विस्तवावर कोरडें काम केलें, उदाहरणार्थ तवा, तें विस्तवानेंच शुद्ध करावें; ज्यांत पाणी उकळलें तें उकळत्या पाण्यानें; मातीचें भांडें शुद्ध होत नाहीं, तें बाजूला ठेवावें. येथें मात्र धर्माचा आणि वैद्यकाचा विचार थोडा वेगळा होतो. वैद्यकाला भांडें तापलें किती यापेक्षां घांसलें किती हें महत्त्वाचें. नुसतें उकळत्या पाण्यांत बुडविलेलें, पण कांठाला साय चिकटलेलें पातेलें धर्मालाहि चालणार नाहीं आणि मुलालाहि सोसणार नाहीं. म्हणून आधीं साबणानें घांसणें, मग उकळणें. लांकडी पोळपाट-लाटणें भेगांमुळें कधींच पूर्ण स्वच्छ होत नाहीं. सणापुरतें नवें घ्यावें. आईच्या स्वयंपाकाला एक पातेलें, एक कढई, एक झारा वेगळा ठेवला तर पुढील कित्येक महिने त्याचा उपयोग होतो.

पहिल्या रात्रीच्या ताटांत ठराविक वस्तू असतात. त्यांतील भाजलेलें हाड व उकडलेलें अंडें हीं खुणेचीं. आईनें अंडें खाल्लेंच पाहिजे असें नाहीं. कडू पाला म्हणून सॅलडचीं पानें चालतात. द्राक्षारसाच्या जागीं बेने इस्रायल घरांत काळ्या मनुका रात्रभर भिजवून, कुसकरून, गाळून केलेलें सरबत वापरतात, आणि तें पाजणाऱ्या आईला मद्यापेक्षां केव्हांहि उत्तम. राहिला गोड लगदा, मिसर देशांतील चिखलविटांची आठवण म्हणून केलेला. पुष्कळ देशांत त्यांत अक्रोड-बदाम कुटून घालतात. आपल्या आईसाठीं तो नुसत्या खजुराचा करावा. अर्धा किलो बिया काढलेला खजूर गरम पाण्यांत चार तास भिजवावा, हातानें मोडावा, मलमलींतून पिळून घ्यावा, आणि तो रस मंद आंचेवर पळीला चिकटेपर्यंत आटवावा. तो आठही दिवस पुरतो व तांदळाच्या भाकरीशीं फार चांगला लागतो.

मात्सेचा प्रश्न मात्र नाजूक आहे. पहिल्या रात्रीं ती थोडी तरी, साधारण ऑलिव्हच्या फळाएवढी, खावी असा दंडक. आणि ती त्या पांच धान्यांपैकींच एखाद्याची असावी लागते, तांदळाची चालत नाहीं. ज्या आईला केवळ गहूं वर्ज्य आहे तिच्यासाठीं ओटची मात्सा परदेशांत तयार होते व मागवितां येते. ती आपल्या मुलाला चालेल कीं नाहीं हें डॉक्टरांना आधीं विचारावें. तेंहि शक्य नसेल तर प्रार्थनामंदिरांतील हज्जानाचा सल्ला घ्यावा. धर्मशास्त्राचा सर्वसाधारण कल असा आहे कीं जें खाल्ल्यानें प्रकृतीला खरा अपाय होतो, तें खाण्याची सक्ति नाहीं. मूल आईच्या दुधावर असतांना आईचा घांस तोच मुलाचा घांस होय, हें हज्जानाला स्पष्ट सांगावें. संकोचानें गप्प राहून घांस गिळूं नये.

आतां पोषणाचा हिशेब. नारळाचें दूध दिसतें दुधासारखें. पण कॅल्शियम त्यांत नाममात्र आणि प्रथिनहि थोडें. रश्श्याला चव येते, हाडांना कांहीं मिळत नाहीं. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी व १७ ग्रॅम प्रथिनें अधिक लागतात, आणि कॅल्शियम सुमारे १२०० मिलिग्रॅम लागतें, असें भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचें मान आहे. शंभर ग्रॅम नाचणींत, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्यांत, साडेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतें. राजगिऱ्याच्या शंभर ग्रॅम पाल्यांत तीनशेंवर. तीळ सोसत असेल तर वीस ग्रॅम न सोललेल्या तिळांत अडीचशेंच्या आसपास. हें सर्व रोज खाल्लें तरी बेरीज नऊशेंच्या पुढें थोडीच जाते, आणि पाल्यांतलें सारें अंगीं लागतहि नाहीं. म्हणून उरलेलें गोळीनें भरून काढावें, व ती डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. नाचणी त्या पांच धान्यांत नाहीं. परंतु सणांत ती व डाळी खाण्याची चाल घरोघर वेगळी असते, तेव्हां सासूबाईंना किंवा हज्जानाला विचारून घ्यावें. ब१२ जीवनसत्त्व तर वनस्पतींत मिळतच नाहीं. दूध व अंडें दोन्हीं गेलीं कीं मांस आणि खवल्यांचे मासे एवढेच आधार उरतात. बोकडाची कलेजी आठवड्यांतून एकदां घ्यावी. यहुदी रीतीनें ती आधीं विस्तवावर भाजून रक्त काढून टाकतात.

रोजच्या जेवणासाठीं मला एक सुचवावेंसें वाटतें. आपल्या हिंदु घरांतील उपासाचा डबा उघडून पाहा. वरी, साबुदाणा, शिंगाड्याचें पीठ, रताळीं, सुरण, राजगिरा. यांत गहूं नाहीं, अंडें नाहीं. शेंगदाण्याचें कूट आणि तूप तेवढें काढून ओलें खोबरें व खोबरेल घातलें कीं बेने इस्रायल आईच्या आठ दिवसांच्या न्याहारीची सोय झाली. नारळाची गणना बदाम-अक्रोडांत होत नाहीं. त्याचा त्रास क्वचितच होतो. दुपारीं आंबेमोहोराचा भात, नारळाच्या दुधांतील मटण, शेवग्याच्या शेंगा, पालेभाजी. सण चैत्राच्या सुमारास येतो, ऊन कडक असतें, आणि कैऱ्या बाजारांत आलेल्या असतात. गुळाचें पन्हें व कोकमाचें सार दिवसांतून दोनदां तरी घ्यावें. पाजायला बसतांना हाताशीं पाण्याचा तांब्या असावा. डिंकाचे लाडू मात्र घरच्यांनीं प्रेमानें पाठविले तरी परत करावे, कारण त्यांत कणीक, तूप व बदाम तिन्ही असतात. त्याऐवजीं खजूर, ओलें खोबरें व तळून फुलविलेला डिंक यांचे लाडू वळतां येतात; डिंक खोबरेलांत तळावा.

आठ दिवस संपले कीं घरोघर पाव येतो, आणि आतां सुटलों असें सर्वांना वाटतें. त्या दिवशीं आईनें घाई करूं नये. सणाबरोबर गहूंहि आला, दूधहि आलें, अंडेंहि आलें, आणि चौथ्या दिवशीं मुलाला पुन्हां रक्त दिसलें, तर कशानें तें कोणालाच सांगतां येणार नाहीं. महिन्याभराचें पथ्य फुकट जाईल. एक वेळीं एकच पदार्थ, डॉक्टरांनीं सांगितलेल्या क्रमानें, मध्यें कांहीं दिवस ठेवून सुरू करावा; रोज काय खाल्लें व मुलाची शी कशी झाली याची एका वहींत तारीखवार नोंद ठेवावी. आंव-रक्त पडणाऱ्या मुलांपैकीं बहुतेकांना वर्षाच्या सुमारास दूध सोसूं लागतें. पुढच्या वल्हांडणाला तें मूल रांगत येऊन खजुराच्या वाटींत हात घालील, तेव्हां त्याच्या आईच्या ताटांत अंडें असण्याचा संभव पुष्कळच आहे.